गर्भ राखला, काळजाचं काय?

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमपासून वीसेक किलोमीटरवर, पापनाशमजवळ तिरुक्करुगावूर नावाचं गाव आहे. तिथल्या मुल्लैवननाथाच्या देवळातली देवी म्हणजे गर्भरक्षांबिका. स्थळपुराण सांगतं की निध्रुव ऋषींची पत्नी वेदिका गरोदर होती. एक ऋषी दाराशी भिक्षेला आले, पण थकून पडलेल्या वेदिकेला उठता आलं नाही. त्यांनी शाप दिला आणि तिचा गर्भ गळू लागला. तिनं देवीचा धावा केला. देवीनं तो गर्भ घटात ठेवून पुऱ्या दिवसांचा केला आणि नैध्रुव नावाचा मुलगा जन्माला आला. मूल व्हावं म्हणून आलेल्या बायका आजही इथं गाभाऱ्याच्या उंबऱ्याला तूप लावून त्यावर रांगोळी काढतात. देवीच्या पायाशी ठेवलेलं तूप घरी नेऊन नवराबायको ४८ दिवस थोडं थोडं खातात. दिवस गेलेल्या बाईला एरंडेल देतात, ते कळा सुरू झाल्यावर पोटाला चोळायचं असतं.

देवळातून घरी गेलेली गरोदर बाई दवाखान्यातही नाव घालते. तिथं तिचं वजन होतं, बीपी बघतात, हिमोग्लोबिन बघतात आणि एचआयव्हीची तपासणीही होते. तामिळनाडूत या तपासणी-समुपदेशनाच्या केंद्राला ‘नंबिक्कै मैयम’ म्हणतात. आपल्या देशात पुष्कळ बायकांना स्वतःच्या अंगातल्या एचआयव्हीचा पत्ता लागला तो असा, पोटातल्या बाळामुळे. त्यांची विचारपूस सुरू झाली तीही बाळासाठीच. उपचार नसले तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. वेळेत औषधं मिळाली आणि ती नीट घेतली, तर ते ५ टक्क्यांच्याही खाली येतं. सुरुवातीला आपल्याकडे बाळंतपणाच्या वेळी आईला नेविरापिनची एक गोळी आणि बाळाला एक डोस, एवढंच होतं. २०१४ पासून गरोदरपणात एचआयव्ही सापडलेल्या प्रत्येक बाईला तिथून पुढे आयुष्यभर एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधं, द्यायचं धोरण आलं.

हे फार मोठं काम झालं आणि त्याचं मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण २००५ साली बावीस वर्षांची असताना जिचं रक्त ‘पॉझिटिव्ह’ आलं, ती बाई आता चाळिशी ओलांडून गेली आहे. मुलगा कॉलेजात आहे, नवरा कदाचित नाही. ती दर महिन्या-दोन महिन्यांनी एआरटी सेंटरला जाते, गोळ्या आणते, व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूंच्या मोजणीचा, रिपोर्ट चांगला येतो. तिला आता एचआयव्हीची फार भीती राहिलेली नाही. मला काळजी वाटते ती तिच्या हृदयाची. आपल्या आरोग्यव्यवस्थेला ही बाई भेटली ती गर्भाच्या निमित्तानं, त्यामुळे तिच्या शरीराचा बाकीचा भाग कागदावर यायला फार उशीर लागला.

भारतातल्या एचआयव्हीची गोष्ट तामिळनाडूतच सुरू होते आणि तिच्या पहिल्या पानावर एक मराठी नाव आहे. चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या एका मराठी कुटुंबात, गायतोंड्यांच्या घरी, सुनीती जन्मली. घरात आठ भावंडं, त्यांत ही एकुलती मुलगी. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असताना १९८६ साली त्यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या रक्ताची तपासणी करायला सांगितलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांतले सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. हा आजार आपल्या देशात नाहीच, असं मानणाऱ्यांना हा मोठा हादरा होता. १९९३ मध्ये डॉ. सुनीती सॉलोमन यांनी वडिलांच्या नावानं ‘वाय. आर. गायतोंडे’ केंद्र काढलं. लोक त्याला वायआरजी केअर म्हणतात. २०१५ मध्ये त्या गेल्या आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांचे पती व्हिक्टर सॉलोमन हृदयशल्यविशारद होते. एकाच घरात एकजण एचआयव्हीशी झुंजत होती आणि दुसरा हृदयावर शस्त्रक्रिया करत होता. त्या काळात या दोन आजारांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण एड्सचा रुग्ण क्षयानं नाहीतर मेंदूज्वरानं जायचा. हृदयविकाराच्या वयापर्यंत तो पोचायचाच नाही.

बायकांच्या बाबतीत दुसरं मराठी नाव पुण्याचं आहे. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायका तपासल्या. त्यांतल्या ३९१ जणी वेश्याव्यवसायात नव्हत्या. घरसंसार करणाऱ्याच त्यांत बहुसंख्य होत्या आणि या ३९१ जणींपैकी जवळजवळ १४ टक्के बायकांच्या रक्तात एचआयव्ही सापडला. बहुतेकींचा आयुष्यात नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध आलेला नव्हता. १९९७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा ‘आपल्या घरात हे येणार नाही’ हा समज मोडायला हवा होता. तो पुरता मोडला नाही, हे वेगळं सांगायला नको.

सरकारी एआरटी १ एप्रिल २००४ रोजी आठ केंद्रांवर सुरू झाली. त्यांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं आणि चेन्नईजवळचं तांबरमचं छातीरोग रुग्णालयही होतं. त्या पहिल्या काळातल्या स्वस्त गोळ्यांमध्ये स्टॅव्ह्युडिन असे. तिनं असंख्य माणसं जगवली, पण चेहऱ्यावरची चरबी वितळवली. गाल बसलेले, हातापायांच्या शिरा वर आलेल्या, पोट मात्र सुटलेलं, अशी माणसं त्या काळात ओळखू यायची. गावातल्या लोकांना आजार कळायचा तो त्या गालांवरून. या चरबीच्या उलथापालथीबरोबर रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि साखरही बिघडायची. पुढे प्रोटिएज इन्हिबिटर गटातल्या काही गोळ्यांचा हृदयविकाराशी संबंध मोठ्या युरोपीय पाहणीत दिसला. (अबॅकाविर या औषधाचं नाव आलं ते नंतर, २००८ मध्ये.) त्यामुळे साहजिकच एक समज रूढ झाला की हृदयाला धोका आहे तो औषधांचा, आणि औषधं जितकी कमी तितकं बरं.

या समजाला उलटं पाडलं ते स्मार्ट नावाच्या चाचणीनं. ३३ देशांतल्या ५,४७२ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटानं गोळ्या अखंड घ्यायच्या. दुसऱ्यानं सीडी-४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, ३५० च्या वर गेल्या की गोळ्या थांबवायच्या आणि २५० च्या खाली आल्या की परत सुरू करायच्या. औषधांपासून शरीराला विसावा मिळेल, हृदय-यकृत-मूत्रपिंड सुखावतील, अशी अपेक्षा होती. जानेवारी २००६ मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली. विसावा घेणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि संधिसाधू आजार अडीच पटींहून जास्त होतेच, पण हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांचे मोठे आजारही सुमारे पावणेदोनपट निघाले. म्हणजे औषध थांबवून हृदय वाचत नव्हतं, उलट बिघडत होतं. मग त्याच रुग्णांचं साठवलेलं रक्त पुन्हा तपासलं गेलं. ज्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ आणि डी-डायमर जास्त होतं त्यांच्यात मृत्यू जास्त होते, आणि गोळ्या थांबवल्यावर एका महिन्यात हे दोन्ही आकडे वर चढले होते. इंटरल्युकिन-६ हा दाहाचा निरोप्या आहे, आणि डी-डायमर म्हणजे रक्तात गुठळ्या बनत आणि विरघळत असल्याची खूण. दोष मुख्यतः विषाणूकडे आणि त्यानं पेटवलेल्या दाहाकडे जात होता.

दाह म्हणजे काय, हे आपल्याला अंगावर माहीत असतं. काटा रुतला की जागा लाल होते, सुजते, ठणकते. प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथं धावून आलेल्या असतात. काटा निघाला की दोन दिवसांत सगळं शांत होतं. एचआयव्हीत काटा निघतच नाही. गोळ्या विषाणूला रक्तातून इतकं हटवतात की यंत्राला तो दिसत नाही, तरी काही पेशींच्या जनुकांमध्ये तो दडून राहतो. प्रतिकारशक्ती मग वर्षानुवर्षं अर्धवट जागी राहते. ताप नसतो, ठणका नसतो, बाईला काही जाणवत नाही.

हा दाह येतो कुठून, याचं सगळ्यात चांगलं उत्तर आतड्यात सापडलं. आपल्या सीडी-४ पेशींचा मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू तिथं धुमाकूळ घालतो, म्हणजे बाईला आजार कळायच्या कितीतरी आधी. कावेरीच्या खोऱ्यात भातखाचरांचे बांध खेकडे पोखरतात, तेव्हा बांध वरून धड दिसतो आणि खालून पाणी झिरपत राहतं. तसंच इथं होतं. अस्तर उभं असतं, पण आतड्यातल्या जिवाणूंच्या कवचाचे तुकडे त्यातून रक्तात झिरपतात. डॅनियल डूएक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे दाखवून दिलं. हे तुकडे दिसले की रक्तातल्या मोनोसाइट पेशी चवताळतात. औषधं सुरू केल्यावर झिरपणं कमी होतं, पण बहुतेकांत पूर्ण थांबत नाही. त्यात आणखी भर पडते ती सायटोमेगॅलोसारख्या जुन्या विषाणूंची. आपल्याकडे ते बहुतेक सगळ्यांच्या अंगात असतात आणि एचआयव्ही असला की प्रतिकारशक्ती त्यांच्याशीही सतत भांडत बसते.

चवताळलेली मोनोसाइट पेशी रोहिणीच्या आतल्या अस्तराला चिकटते आणि आत शिरते. तिथं साचलेलं कोलेस्टेरॉल गिळते, फुगते आणि तिथंच बसते. अशा पेशींचा थर म्हणजे प्लाक. जुना, कॅल्शियमनं घट्ट झालेला प्लाक एका परीनं स्थिर असतो. एचआयव्ही असलेल्यांत मऊ, कॅल्शियम नसलेला प्लाक जास्त आढळतो, आणि फुटतो तो हाच. फुटला की त्यावर रक्ताची गुठळी बसते. ती हृदयाच्या रोहिणीत बसली तर झटका, मेंदूच्या रोहिणीत बसली तर पक्षाघात. २०१२ मध्ये बॉस्टनच्या स्टीव्हन ग्रिनस्पून यांच्या गटानं पेट स्कॅननं महारोहिणीतला दाह पाहिला. एचआयव्ही असलेल्या या रुग्णांचा हृदयविकाराचा धोका नेहमीच्या हिशेबात कमी येत होता. तरी त्यांच्या महारोहिणीतला दाह, आधीच रोहिणीविकार जडलेल्या पण एचआयव्ही नसलेल्या माणसांइतका निघाला.

अमेरिकेतल्या सुमारे ८२ हजार निवृत्त सैनिकांच्या पाहणीत, बीपी-साखर-सिगारेट असा सगळा हिशेब वजा केल्यावरही, एचआयव्ही असलेल्यांना हृदयविकाराचा झटका जवळजवळ दीडपट जास्त येत होता. ज्यांचा व्हायरल लोड ५०० च्या खाली होता त्यांच्यातही तो जास्तच होता. पण या सैनिकांत बायका नावापुरत्या. मॅसॅच्युसेट्समधल्या दोन मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २००७ मध्ये निघालेला आकडा मला म्हणूनच जास्त महत्त्वाचा वाटतो. एचआयव्हीमुळे पुरुषांचा झटक्याचा धोका सुमारे १.४ पट झाला होता, आणि बायकांचा जवळजवळ तिप्पट. बायकांना झटके पुरुषांपेक्षा कमी येतात, तेव्हा तिप्पट म्हणजे काही पुरुषांहून जास्त नव्हे. पण पाळी चालू असेपर्यंत बाईच्या हृदयाला जे निसर्गाचं संरक्षण असतं, ते एचआयव्ही बरंचसं खाऊन टाकतो, असा याचा अर्थ मी लावते. एचआयव्ही असलेल्या बायकांमध्ये मोनोसाइट पेशी पुरुषांपेक्षाही जास्त चवताळलेल्या दिसतात, ही निरीक्षणंही त्याच दिशेनं जातात.

त्यात आपण दक्षिण आशियातले. इंटरहार्ट या ५२ देशांच्या अभ्यासात आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतर देशांत ५९ च्या आसपास. त्याच अभ्यासानं दाखवलं की चघळण्याच्या तंबाखूनंही झटक्याचा धोका दुपटीच्या वर जातो. कुंभकोणमची विड्याची पानं प्रसिद्ध आहेत. पानानं काही बिघडत नाही, बिघडतं ते आतल्या तंबाखूनं. आपल्याकडे मशेरी लावणारी बाई ‘मी तंबाखू खात नाही’ असं अगदी खरं मानून सांगते, म्हणून विचारताना मशेरीचं नाव घेऊन विचारावं लागतं. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात, उपचार घेणाऱ्या एचआयव्ही रुग्णांची एचआयव्हीपायी जेवढी वर्षं जात होती त्याच्या दुपटीहून जास्त धूम्रपानापायी जात होती, १२ विरुद्ध ५. आपल्या एआरटी सेंटरमध्ये गोळी चुकली का, हे दर खेपेला विचारतात. तंबाखूचंही तितक्याच नेमानं विचारायला हवं, आणि रागावून नव्हे.

आता उपाय. पहिला उपाय म्हणजे तीच गोळी, रोज, न चुकता, कारण दाह सगळ्यात जास्त कमी होतो तो विषाणू दबल्यानं. दुसरा उपाय २०२३ मध्ये हाती आला. ग्रिनस्पून यांच्याच पुढाकारानं रिप्रीव्ह नावाची चाचणी झाली. भारतासह १२ देशांतली, ४० ते ७५ वयाची ७,७६९ माणसं, सगळी एआरटीवर. त्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा बायकांचा होता, आणि हृदयाच्या चाचण्यांत हे क्वचितच घडतं. नेहमीच्या हिशेबात यांतल्या बहुतेकांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, कुणी दिली नसती, इतका त्यांचा धोका कमी होता. अर्ध्यांना रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन दिलं, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. पाच वर्षांत फरक इतका स्पष्ट झाला की चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली. दर हजार माणसांमागे वर्षाला सातच्या वर मोठे हृदयरोगाचे प्रसंग घडत होते, ते पाचाच्या खाली आले, म्हणजे ३५ टक्क्यांची घट. त्याची किंमतही होती. स्टॅटिन घेणाऱ्यांत मधुमेह ५.३ टक्के लोकांना झाला, न घेणाऱ्यांत ४ टक्के. स्नायूंचं दुखणंही थोडं जास्त. ज्या घरात आधीच मधुमेह आहे तिथं हा हिशेब डॉक्टरांबरोबर बसून करावा लागतो.

याच चाचणीतून आणखी एक गोष्ट कळली. ज्या गणितानं डॉक्टर दहा वर्षांतला धोका काढतात, ते श्रीमंत देशांतल्या एचआयव्ही असलेल्या बायकांचा धोका कमी दाखवतं. म्हणून चाळिशीनंतर फक्त आकड्यावर विसंबून ‘तुम्हाला काही नाही’ असं म्हणणं धोक्याचं आहे.

स्टॅटिन महाग किंवा परदेशी औषध राहिलेलं नाही. गावच्या मेडिकलमध्ये अटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन सहज मिळतं. अडचण वेगळी आहे. दुसऱ्या फळीच्या एआरटीत लोपिनाविर किंवा अटाझानाविर बरोबर रिटोनाविर असतं. रिटोनाविर यकृतातलं एक विकर बंद पाडतं, आणि सिमव्हास्टॅटिनसारखं स्टॅटिन रक्तात इतकं साचतं की स्नायू अक्षरशः विरघळू लागतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. ही जोडी देऊच नये. अटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन कमी मात्रेत चालतं. पिटाव्हास्टॅटिनला हा त्रास नाही, चाचणीसाठी ते निवडण्याचं एक कारण हेच होतं. आता बहुतेक रुग्ण डोल्युटेग्रॅव्हिरच्या एकाच गोळीवर आहेत, तिच्याबरोबर यांतलं कुठलंही स्टॅटिन चालतं. पण तिच्यावर वजन वाढतं, बायकांचं जास्त. पूर्वी ‘अंग भरलं’ म्हणजे औषध लागू पडलं असं सगळेच मानत, आणि हाडं वर आलेल्या माणसाच्या बाबतीत ते खरंही होतं. आता कमरेचा घेर मोजायची वेळ आली आहे.

बीपीचा पट्टा प्रत्येक एआरटी सेंटरमध्ये असतो. तो दंडाला बांधायला दोन मिनिटं लागतात. उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा, इतकीच मागणी आहे, आणि ती रुग्णानं स्वतः करायला हरकत नाही.

आणि शेवटी ती रात्र, जी यायला नको. बाईला झटका येतो तेव्हा तो नेहमी सिनेमातल्यासारखा छाती धरून येत नाही. दम लागतो, घाम फुटतो, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं आणि घरचे ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा देतात. दवाखान्यात पोचली, तर तिथं ती एचआयव्हीचं नाव घेत नाही, कारण पूर्वी कुठंतरी नाव घेतल्यावर तिला परत पाठवलेलं असतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि या कारणावरून उपचार नाकारणं तो बेकायदा ठरवतो. आणि नाव सांगणं गरजेचंही आहे, कारण रिटोनाविर घेणाऱ्या बाईला गुठळी रोखणारं टिकाग्रेलॉर दिलं तर ते रक्तात साचून रक्तस्रावाचा धोका वाढतो. क्लोपिडोग्रेल दिलं तर ते अर्धवटच लागू पडतं. अशा वेळी प्रासुग्रेल निवडतात, मात्र आधी पक्षाघात झालेला असेल तर तेही चालत नाही. डॉक्टरला हा निर्णय घ्यायला गोळ्यांचं पाकीट बघावं लागतं. ते पर्समध्ये असावं, आणि घरात एकाला तरी त्याची जागा माहीत असावी.